गाठ मोठी, मूल लहान

बाळाच्या डोक्याचा घेर मोजायचा तर पट्टी पुढे भुवयांच्या जराशी वर धरतात, कानांच्या वरून नेतात आणि मागे डोकं जिथे सगळ्यांत फुगीर असतं तिथून फिरवून आणतात. तीनदा मोजून त्यातला सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा. या कामाला एक मिनिटही लागत नाही. जन्मताना हा घेर साधारण 34-35 सेंटीमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला 2 सेंटीमीटरने वाढतो, पुढचे तीन महिने 1 सेंटीमीटरने आणि नंतर वर्ष पुरं होईपर्यंत महिन्याला अर्ध्या सेंटीमीटरने. वाढीचा हा वेग मोडून डोकं भराभर मोठं होऊ लागलं तर आत काहीतरी जागा अडवतंय असं समजावं. ते बहुतेक वेळा तुंबलेलं पाणी असतं. क्वचित त्या पाण्यामागे गाठ असते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या अंगणवाड्यांत वजन होतं, उंची मोजली जाते, कुपोषण ओळखण्यासाठी दंडाचा घेर पाहिला जातो. डोक्याचा घेरही त्याच वहीत, त्याच नेमाने लिहिला जावा असं मला मनापासून वाटतं. मेंदूच्या मोठ्या गाठींवरच्या प्रकरणाची सुरुवात ऑपरेशन थिएटरऐवजी अंगणवाडीतून करतोय, त्याला कारण आहे. गाठ एवढी मोठी होईपर्यंत कोणाच्याच लक्षात कशी आली नाही, हा आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर लहान मुलाच्या कवटीत आहे.

मोठ्या माणसाची कवटी बंद असते. आत गाठ वाढायला लागली की दाब लवकर चढतो, डोकं दुखायला लागतं आणि माणूस डॉक्टरकडे जातो. बाळाच्या कवटीची हाडं मात्र अजून सांधलेली नसतात. टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, आणि हाडांमधले सांधे त्यानंतरही काही वर्षं दाबाखाली थोडे उसवू शकतात. आत जागा कमी पडली की कवटीच मोठी होते. मेंदूही कोवळा असतो, हळू वाढणाऱ्या गाठीला तो बाजूला सरून वाट देतो. त्यामुळे 5 सेंटीमीटरहून मोठी गाठ, जिला डॉक्टर ‘जायंट’ म्हणतात, डोक्यात घेऊन मूल खेळत, जेवत, शाळेत जात असू शकतं. मग एक दिवस ही सगळी सवलत संपते आणि चार दिवसांत मूल खालावतं. घरच्यांना वाटतं आजार चार दिवसांचा आहे. प्रत्यक्षात तो अनेक महिन्यांचा, कधी वर्षांचा असतो.

मुलांच्या मेंदूतल्या गाठींपैकी बऱ्याच कॅन्सरच्या नसतात. सगळ्यांत जास्त दिसणारी म्हणजे पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा. ती बहुधा लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या खालच्या भागात होते. दुसरी क्रॅनिओफॅरिंजिओमा, पियुषिका ग्रंथीच्या वर, दृष्टीच्या नसांच्या कुशीत वाढणारी. तिसरी कोरॉइड प्लेक्सस पॅपिलोमा. मेंदूतलं पाणी जिथे तयार होतं तिथेच ती उगवते आणि विशेषकरून दोन वर्षांच्या आतल्या बाळांत आढळते. या गाठींच्या पेशी शांत असतात, इतर अवयवांत पसरत सुटत नाहीत. ‘गाठ साधी आहे’ असं डॉक्टरांनी सांगितल्यावर नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात, तो पोटातल्या किंवा दंडातल्या गाठीच्या अनुभवावरून. मेंदूत मात्र धोका ठरतो तो गाठीच्या जागेवरून. श्वास, गिळणं, नजर, तहान, झोप, उंची हे सगळं चालवणारे भाग तिथे काही मिलिमीटरच्या अंतरावर दाटीवाटीने बसलेले आहेत.

शिवाय पाण्याचा मार्ग. मोठ्या माणसाच्या मेंदूत दिवसाला सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होतं, आतल्या पोकळ्यांतून खाली उतरतं, मेंदूभोवती फिरतं आणि रक्तात शोषलं जातं. मुलांत ते कमी असतं, पण वाट तीच. लहान मेंदूतली गाठ नेमकी या वाटेच्या अरुंद तोंडावर दाब देते. नीरेच्या कालव्यात दरवाजा अडकला की वरच्या अंगाला पाणी फुगत जातं, तसं वरच्या पोकळ्यांत पाणी तुंबतं. लक्षणं दिसतात त्यांतली बरीचशी खरं तर या तुंबलेल्या पाण्याची असतात.

ती लक्षणं ओळखू येण्यासारखी आहेत. पहाटे किंवा उठल्या उठल्या डोकं दुखतं, ओकारी होते आणि ओकारी झाली की मुलाला बरं वाटतं, मग ते शाळेत जातं. रात्रभर आडवं राहिल्याने आणि झोपेत श्वास मंदावल्याने डोक्यातला दाब पहाटे सगळ्यांत जास्त असतो, म्हणून ही वेळ. घरात मात्र ‘शाळेत जायचं नाही म्हणून नाटक करतोय’ असं वाटू शकतं. मग जंताचं औषध होतं, आम्लपित्ताचं होतं, चष्म्याचा नंबर काढला जातो. कोणी काळजी घेत नाही असं मुळीच नाही, प्रत्येक औषध त्या त्या क्षणी पटण्यासारखं असतं. पण पोट दुखत नाही, जुलाब नाहीत, ताप नाही आणि सकाळची ओकारी दोन आठवडे चालूच आहे, असं असेल तर पोटाकडे बघणं थांबवून डोक्याकडे बघायला हवं. चालताना झोक जाणं, मान एका बाजूला कलती ठेवणं, अचानक आलेला तिरळेपणा, अक्षर बिघडणं, उंची वाढायची थांबणं, एकसारखी तहान लागणं, यांतलं एखादं जोडीला असेल तर थांबूच नये. अशा वेळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे थेंब घालून मागचा पडदा तपासून घेणं फार मोलाचं ठरतं. दाब वाढला असेल तर नस जिथे डोळ्यात शिरते ती जागा सुजलेली दिसते.

लक्षणांची नुसती यादी लोकांपर्यंत नीट पोहोचवल्याने केवढा फरक पडतो ते ब्रिटनमध्ये दिसलं. 2011 साली तिथे ‘हेडस्मार्ट’ नावाची मोहीम सुरू झाली. डॉक्टर, शिक्षक आणि पालकांना वयानुसार लक्षणांची छोटी कार्डं दिली गेली. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत पूर्वी साधारण 14 आठवडे जायचे. मोहिमेनंतर दोन-तीन वर्षांत ही मुदत 7 आठवड्यांच्या आत आली.

आपल्याकडे यासाठीची माणसं आधीच नेमलेली आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. प्रत्येक तालुक्यात फिरती पथकं असतात, त्यात दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. ही पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. अडचण येते ती ज्या मुलांना अंगणवाडीही एका जागी मिळत नाही त्यांची. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात दिवाळीच्या आसपास बीडकडच्या आणि इतर जिल्ह्यांतल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात, त्या उन्हाळा तोंडावर येईपर्यंत असतात. त्या कोपीतल्या दहा महिन्यांच्या बाळाचं मागचं माप असलंच तर ते गावाकडच्या वहीत असतं आणि आजचं माप कुठेच नसतं. डोक्याच्या घेरात एका आकड्याला अर्थ नाही, दोन आकड्यांमधल्या अंतराला आहे. म्हणून माप मुलासोबत फिरलं पाहिजे, आईजवळच्या कार्डावर लिहिलेलं असलं पाहिजे.

निदान झाल्यावरची वाट पुण्याकडे जाते. सीटी स्कॅन आणि एमआरआय बारामतीतही होतो. तिथे 2019 पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण बाळाच्या डोक्यातली मोठी गाठ काढायला न्यूरोसर्जन एकटा पुरत नाही. लहान मुलांना भूल देण्यात मुरलेला डॉक्टर, मुलांचं आयसीयू, रक्तपेढी, पॅथॉलॉजिस्ट, हार्मोन्सचा तज्ज्ञ हे सगळे एका छपराखाली लागतात. म्हणून बारामतीहून सुमारे 100 आणि इंदापूरहून सुमारे 140 किलोमीटरचा प्रवास करून ससूनला किंवा पुण्यातल्या दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात जावं लागतं. मूल सुस्त होत चाललं असेल, एक बाहुली मोठी दिसत असेल किंवा नाडी मंदावली असेल तर खासगी गाडी शोधत बसण्यात वेळ घालवू नये, 108 ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवावी. पैशाची सोय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकते. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून ती सुरू झाली, 2017 साली नाव बदललं आणि आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड आणि मुलाचा ओळखीचा पुरावा घेऊन दाखल होतानाच तिथे जायचं, बिल झाल्यावर नाही.

मोठ्या गाठींच्या बातम्या वजनावर लिहिल्या जातात. मुंबईच्या नायर रुग्णालयात फेब्रुवारी 2018 मध्ये डॉ. त्रिमूर्ती नाडकर्णी यांच्या पथकाने एका तरुणाच्या डोक्यातून 1 किलो 873 ग्रॅमची गाठ काढली. सात तास ऑपरेशन चाललं, रक्ताच्या 11 पिशव्या लागल्या. महापालिकेच्या रुग्णालयात हे झालं याचा अभिमान वाटावा असंच ते काम होतं. पण मुलांच्या बाबतीत आकार पाहून अवघडपणा ठरवता येत नाही. लहान मेंदूतली 7 सेंटीमीटरची गाठ बरेचदा बहुतांशी पाण्याची पिशवी असते. पिवळसर द्रव काढून घेतला की भिंतीला चिकटलेला छोटासा गोळा उरतो आणि मूळ रोग तेवढाच असतो. जुन्या काळी नुसतं पाणी काढून जखम शिवली जायची आणि पिशवी पुन्हा भरायची. अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांनी 1931 साली लहान मेंदूच्या अशा 76 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, आणि ही गाठ पुरी काढली तर रुग्ण दीर्घकाळ बरा राहतो हे जगाला पटलं. आज ती पूर्ण निघाली तर दहापैकी नऊहून अधिक मुलं दहा वर्षांनंतरही जिवंत आणि बहुतेक धडधाकट असतात. उलट दृष्टीच्या नसांना बिलगलेली 3 सेंटीमीटरची गाठ कसलेल्या सर्जनलाही रात्रभर विचार करायला लावते.

आता थिएटरमध्ये जाऊ. समजा, दहा किलो वजनाचं बाळ आहे. त्याच्या अंगात एकूण रक्त 800 मिलीलिटरच्या आसपास. मोठ्या माणसाच्या ऑपरेशनमध्ये 200 मिलीलिटर रक्त गेलं तर कोणी फारसं बोलत नाही. इथे तेवढं गेलं तर अंगातलं पाव रक्त गेलं. म्हणून कापायच्या आधीच रक्त थिएटरमध्ये आणून ठेवलेलं असतं, दोन शिरांत सुया असतात, मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब पाहिला जातो. खोलीतला एसी कमी केलेला असतो, कारण उघड्यावर बाळाचं अंग पाहता पाहता गार पडतं आणि गार अंगात रक्त नीट गोठत नाही. मोठ्यांचं डोकं पिनांच्या चिमट्यात घट्ट धरतात. बाळाची कवटी पातळ, म्हणून त्याचा चेहरा जेलच्या मऊ टेकूवर ठेवतात आणि डोळ्यांवर दाब येत नाही ना हे दोघे-तिघे पुन्हा पुन्हा पाहतात. कोरॉइड प्लेक्ससच्या गाठीत ही सगळी तयारी दुप्पट लागते, कारण ती गाठ म्हणजे रक्तवाहिन्यांचा झुबकाच. तिला रक्त पुरवणारा देठ आधी गाठून बंद करायचा आणि मगच तिला हात लावायचा.

हाडाची खिडकी उघडून मेंदूवरचं जाड आवरण कापलं की लगेच गाठ ओढून काढत नाहीत. आधी थोडं पाणी सोडतात म्हणजे मेंदू सैल होतो. तेही बेतानं, वरून पाणी झटकन काढलं तर खालचा फुगलेला भाग वर सरकून मेंदूचा देठ दाबला जाऊ शकतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली काम सुरू होतं. मोठी गाठ अखंड बाहेर काढायची म्हटली तर भोवतालचा मेंदू रगडला जाईल. म्हणून तिला आतून पोकळ करतात. कुसा नावाचं यंत्र असतं, त्याचं टोक सेकंदाला हजारो वेळा कंप पावतं, मऊ गाठ फोडतं आणि त्याच टोकातून शोषूनही घेतं. आतून रिकामी झाली की गाठीची भिंत स्वतःहून आत पडते, आणि मग तिच्या व मेंदूच्या मधला पातळ पापुद्रा दिसायला लागतो. त्या पापुद्र्याच्या अलीकडे राहायचं. कडेने ओल्या कापसाच्या दोरा लावलेल्या पट्ट्या ठेवत ठेवत पुढे सरकायचं, आणि शेवटी त्या पट्ट्या मोजून परत घ्यायच्या. तास जातात, बोलणं कमी होतं, आणि ऐकू येतो तो मॉनिटरवरचा मुलाच्या ठोक्यांचा आवाज. गाठीचं शेवटचं टोक मेंदूच्या देठाला चिकटलेलं असेल आणि तिथे हात लागताच ठोके मंदावले तर भुलेचे डॉक्टर ‘थांबा’ म्हणतात. सर्जन हात उचलतो. ठोके पूर्ववत होतात. आणखी एकदा हळूच प्रयत्न, पुन्हा तेच झालं तर तेवढा तुकडा तिथेच सोडायचा.

सोडलेला तुकडा ऐकून आईवडील हादरतात. पण अशा शांत गाठीत थोडंसं मागे ठेवणं म्हणजे हार नव्हे, असं मी ठामपणे म्हणेन. पायलोसायटिक गाठीचा उरलेला तुकडा अनेक मुलांत वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, काहींत आपोआप आकसतोसुद्धा. वाढलाच तर दुसरं ऑपरेशन करता येतं, केमोथेरपी आहे, आणि गाठीत बीआरएएफ नावाच्या जनुकातला बदल सापडला तर त्यावरची नेमकी औषधंही आता आली आहेत. पण गिळण्याची नस दुखावली, तर ती परत आणणारं औषध नाही. मुलासमोर साठ वर्षांचं आयुष्य आहे. त्यातली किती वर्षं ते स्वतःच्या पायांवर चालेल, स्वतःच्या हाताने जेवेल, याचा हिशोब त्या शेवटच्या तुकड्याशी मांडायचा असतो.

ऑपरेशननंतरची एक गोष्ट आधी सांगितली नाही तर घर कोसळतं. लहान मेंदूच्या ऑपरेशननंतर मूल जागं होतं, एक-दोन दिवस बोलतं आणि मग बोलणं बंद होतं. शब्द नाही, हाक नाही, नुसतं किरकिरणं. याला सेरेबेलर म्युटिझम म्हणतात. कॅन्सरच्या गाठींत हे जास्त होतं, साध्या गाठींत कमी, पण होतं. बहुतेकांचं बोलणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परततं, सुरुवातीला अडखळत, सुरात. ‘बाहेरचं काही’ समजून मुलाला कुठे नेण्याआधी हे घरच्या आजीआजोबांनाही ठाऊक असावं, कारण खेड्यात निर्णय एकट्या आईवडिलांचा नसतो.

काही मुलांत गाठ निघूनही पाणी तुंबतं. मग मेंदूतून कातडीखालून पोटापर्यंत बारीक नळी बसवतात, तिला शंट म्हणतात. उत्तर प्रदेशातल्या शाहजहांपूरला तयार होणाऱ्या छाबडा शंटची इथे आठवण काढायलाच हवी. युगांडात काम करणाऱ्या बेंजामिन वॉर्फ या अमेरिकन सर्जनने 2005 साली या 35 डॉलरच्या भारतीय नळीची तुलना 650 डॉलरच्या अमेरिकन नळीशी केली. वर्षभरानंतर दोन्हींच्या निकालांत म्हणावा असा फरक आढळला नाही. शंट असलेल्या मुलाला पुन्हा सकाळची ओकारी आणि सुस्ती दिसली तर नळी तुंबली असं समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

क्रॅनिओफॅरिंजिओमाची कथा सगळ्यांत अवघड. ही गाठ पूर्ण काढायच्या हट्टात तिच्यावरचा, भूक-झोप सांभाळणारा हायपोथॅलॅमस दुखावला तर मूल वाचतं, पण भूक आवरत नाही, वजन बेसुमार वाढतं, झोप आणि स्वभाव बिघडतो. म्हणून आज अनेक ठिकाणी हायपोथॅलॅमसला चिकटलेला भाग ठेवून द्यायचा आणि त्यावर किरणोपचार द्यायचे असा मार्ग घेतला जातो. किरणं कशी द्यावीत याचं एक महत्त्वाचं उत्तर महाराष्ट्रातून गेलं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी 2001 ते 2012 या काळात अशा साध्या आणि मंद गाठींच्या 200 मुलांना व तरुणांना दोन गटांत वाटलं. एका गटाला नेहमीचे किरणोपचार, दुसऱ्याला गाठीच्या आकाराला बेतून दिलेले अचूक किरणोपचार. पाच वर्षांत नव्याने हार्मोन्सची कमतरता नेहमीच्या गटात 51 टक्क्यांना आली, अचूक गटात 31 टक्क्यांना. बुद्धीच्या चाचण्यांतही अचूक गटाची मुलं वरचढ राहिली. 2017 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परळला उपचार घेत महिनोन्‌महिने राहणाऱ्या कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा मिळतो, हेही या उपचाराचा भागच म्हणावं लागेल.

क्रॅनिओफॅरिंजिओमातून बरं झालेल्या मुलाची शाळा आणि घर यांना दोन गोष्टी शिकून घ्याव्या लागतात. पहिली, तहान. पियुषिकेचा एक हार्मोन नसल्याने काही मुलांना खूप लघवी होते आणि तेवढंच पाणी लागतं. डेस्मोप्रेसिनची गोळी चालू असली तरी बाटली बाकावर असू द्यावी आणि लघवीला जायला परवानगी मागायला लावू नये. दुसरी जिवाशी गाठ असलेली. हायड्रोकॉर्टिसोन या हार्मोनच्या गोळीवर असलेल्या मुलाला ताप आला तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे गोळीचा डोस त्याच दिवशी वाढवायचा, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी जवळच्या दवाखान्यात न्यायचं. भिगवण, निमगाव केतकी, वालचंदनगर कुठेही असो, तिथल्या डॉक्टरला हे मूल या औषधावर आहे हे आधीच माहीत हवं. एका कागदावर औषधाचं नाव, रोजचा डोस, तापातला डोस आणि रुग्णालयाचा फोन लिहून एक प्रत दप्तरात, एक वर्गशिक्षकांकडे, एक दवाखान्यात.

आणि फिल्म. पहिला एमआरआय ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत होतो, मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, पुढे वर्षाला एकदा, अनेक वर्षं. गाठ वाढली की नाही हे एका स्कॅनवरून कोणालाच सांगता येत नाही. नवी फिल्म जुनीच्या शेजारी लावल्यावरच दोन मिलिमीटरचा फरक कळतो. रुग्णालयं बदलतात, डॉक्टर बदलतात, संगणकातल्या फाइली जातात. पहिल्या स्कॅनची सीडी, ऑपरेशनची नोंद आणि बायोप्सीचा कागद हे सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत एकाच पिशवीत घरी ठेवावेत, आणि पुण्याला जाताना दर वेळी ती पिशवी सोबत न्यावी.